निळ्या सायकलीतली खोट

"उतरा! अहो, आधी उतरा त्या सायकलीवरून!"

मी ओरडले आणि स्वतःच दचकले. सायकल त्याची, नर्सरी त्याची... आणि मी नुसती बघायला आलेली गिऱ्हाईक!

पिंगुळीत देवेशची कलमांची नर्सरी. त्याला त्याची गियरवाली माउंटन बाइक विकायची होती. आणि मला थंडीत सकाळी काजूच्या बागांमधल्या लाल वाटांवर भटकायला नेमकी तशीच, जुनी पण दणकट, हवी होती. फोनवर बोलणं झालं होतं. आता तो ती चालवून दाखवत होता, उतारावरून, हात सोडून, हसत. गालाला खळी पडत होती. पण तो अगदी जवळून वळला, तेव्हा माझी नजर हँडलखाली अडकली. दांडे जुळतात तिथे, रंगात, केसाएवढी रेघ होती.

कुडाळच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. अशी रेघ मी सोडत नाही.

"ओरखडा असेल हो," तो उतरत म्हणाला.

मी नखाने रंग खरवडला. रेघ आत खोल गेली होती. दांड्याला अर्धा वळसा घालून.

त्याचा चेहराच उतरला. तो मटकन मातीच्या ढिगावर बसला. "रसिका... काल ह्याच सायकलीन मी आंबोलीचो घाट उतरलंय गो!"

अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं होतं. आज मी ती घेऊन गेले असते तर?

तो उठला, लोखंड कापायची करवत आणली आणि माझ्यासमोर फ्रेमचे दोन तुकडे केले. "आता कोण फसूचो नाय," म्हणाला. "तुका दुसरी शोधून देतंय. बरी गावल्याशिवाय सोडूचंय नाय."

मी बघतच राहिले. त्या तुकड्यांकडे... आणि त्याच्याकडे.

मग दर आयतवारी, रविवारची सुट्टी साधून, आमची शोधाशोध. सावंतवाडी, देवगड, वेंगुर्ला. तो चाक फिरवून बघायचा, चेन ओढायचा, ब्रेक दाबायचा.

"बस सीटवर. पाय टेकतत?"

"टेकतत."

"मग अशी अवघडलंस कित्याक?"

"तू इतक्या जवळून बघतंस म्हणून..."

तो गडबडीने टायर तपासू लागायचा. तपासून झालेलाच टायर!

वेंगुर्ल्यात एक निळी सायकल मला बघताक्षणी आवडली. देवेशने चाक फिरवलं, मान हलवली. "रिम वाकडी आसा." माझे डोळेच भरून आले.

जानेवारीत मालवणला एक मिळाली. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर त्याने ती कितीतरी वेळ तपासली. गियर, ब्रेक, फ्रेम... आणि परत पहिल्यापासून.

"हिच्यात पण खोट आसा?"

"नाय." तो समुद्राकडे बघत होता. "त्या निळ्या सायकलीत पण नाय होती. मी... खोटा बोललंय."

मला खरंच वाटेना. फसवणूक नको म्हणून स्वतःची सायकल कापणारा हा माणूस — खोटं बोलला?

"कित्याक?"

"सायकल गावली असती, तर फुडच्या आयतवारी तू माका खंय गावली असतंस?"

मी सायकलीवर बसले आणि सुटले. वाळत घातलेली जाळी, माड, होड्या... सगळं मागे पळत होतं. कान रागाने तापले होते. वळणावर चढ आला. गियर बदलला, आणि तो इतका अलगद बसला, की देवेशला सांगायला मी बाजूला वळले.

बाजूला कोणीच नव्हतं.

मी सायकल उलटी फिरवली.

तो तिथेच उभा होता, एवढंसं तोंड करून.

"परत खोटा बोललंस तर?"

"नाय बोलूचंय."

"मग खरा सांग. मी आवडतंय तुका?"

त्याचे कान लालभडक झाले. "आवडतंस... खूप."

"बरा तर. आयतवारी घराक ये. आयेक सांगून ठेवलंय."

"काय सांगून ठेवलंस?"

"जावई बघून ठेवलंय म्हणून. निळी सायकल सोडून वेंगुर्ल्यासून घराक इलंय, त्याच दिवशी."

देवेशने आ वासला. आधाराला म्हणून त्याने सायकलीचं हँडल घट्ट धरलं... पण हँडलवर माझा हात होता. मी तो काढला नाही.