न पेटलेली माळ

रताळं पळालं तेव्हा त्याच्या अंगभर साबणाचा फेस होता आणि पेइ-चनच्या हातात पाण्याची नळी.

झालं असं, की कोपऱ्यावर कुणाचं तरी नवं नूडल्सचं दुकान उघडत होतं. उद्घाटनाची माळ लागली... तडाड् तड् तड्... आणि टबातलं ते तपकिरी कुत्रं एका उडीत दारापाशी, दुसऱ्या उडीत थेट रस्त्यावर! बाहेर भुरभुर पाऊस. ओल्या रस्त्यावर फेसाचे पांढरे ठिपके पडत गेले आणि त्यांच्या मागावर पेइ-चन धावत सुटली. पायात रबरी बूट, गळ्यात भिजलेला ॲप्रन. ठिपके देवळाला वळसा घालून, लसणाच्या जुड्या टांगलेल्या वळचणीखालून पुढं गेले आणि एका दुकानात शिरले.

तिनं मान वर करून पाटी वाचली. ‘त्साय यांचे फटाके, धूप व पूजासाहित्य.’

“अरे देवा,” ती पुटपुटली. फटाक्यांना भिऊन पळालेलं कुत्रं, आणि शिरलं कुठं? फटाक्यांच्या दुकानात!

आत कुणीच दिसेना. नुसती लाल कागदाची पुडकी, छतापर्यंत रचलेली. मग गल्ल्याखालून दोन लांब पाय बाहेर आलेले दिसले.

“शू... हळू या,” पायांचा मालक आतून म्हणाला. तो चक्क पोटावर पालथा पडला होता आणि त्याच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर रताळं थरथरत बसलं होतं. “तुमचं का हे? मला वाटलं, कुणाची तरी उशी पळून आली.”

“उशी नाही, रताळं.”

“काय?”

“नाव. रताळं.”

तो हसला. पण आवाज न करता, फक्त खांद्यांनी. कुत्रं दचकू नये म्हणून. हे तिच्या लक्षात आलं, आणि का कोण जाणे, नको तितकं लक्षात राहिलं.

“हुशार आहे हो तुमचं रताळं,” तो म्हणाला. “गावातली सगळ्यात शांत जागा बरोबर शोधून काढली. इथं काडी ओढायची कुणाची छाती नाही.”

“पण पळालं ते तुमच्याच मालामुळे!”

“ते खरंच. म्हणून तर दुकानाचा मालक पोटावर पडलाय.”

पेइ-चनला रागवायचं होतं. पण फेसाचा एक गोळा त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसला होता, आणि असल्या नाकावर कोण रागवणार?

त्याचं नाव क्वान-रू. रताळ्याला दोघांनी मिळून टॉवेलात गुंडाळलं, तेव्हा तिची बोटं त्याच्या बोटांना लागली... आणि दोघांनीही एकदमच म्हटलं, “सॉरी.”

हाईपू गावात पेइ-चनला दीडच वर्ष झालं होतं. ताइचुंगसारखं मोठं शहर सोडून ती या समुद्रकाठच्या गावात आली आणि मागच्या गल्लीत तिनं कुत्र्या-मांजरांना न्हाऊ घालायचं, केस कापायचं दुकान टाकलं. गाव तिला आवडलं होतं. एक दिवस सोडून. समुद्रदेवी माझू आईची पालखी येते तो दिवस.

या पालखीला ठरलेला रस्ता नाही. दांडे ज्या बाजूला ओढ घेतील, तिकडं खांदेकरी वळणार. कुठं जायचं ते आईचं आईच ठरवते. आणि ती जिथून जाईल तिथं घरोघरी माळा लागतात, सकाळपासून दुपारपर्यंत, धुरात हात दिसेनासा होईपर्यंत. गेल्या वर्षी त्या धुरात चार कुत्री पळाली. तीन सापडली. चौथी, शेजारच्या श्यू मावशींची म्हातारी पांढरी कुत्री, सापडली नाही. पेइ-चन मावशींबरोबर सहा दिवस शेतं, बांध, किनारा पालथा घालत फिरली होती. सातव्या दिवशी मावशींनीच म्हटलं, “पुरे आता, पोरी.” तो आवाज पेइ-चनच्या कानांतून अजून गेला नव्हता.

म्हणून यंदा तिनं काचेवर कागद लावला. ‘पालखीच्या दिवशी आपली कुत्री-मांजरं इथे आणून सोडा. मी सांभाळेन.’

दुसऱ्याच दिवशी क्वान-रू दारात हजर. पाठीवर गाद्यारजयांचा एवढा मोठा गठ्ठा, की खाली फक्त पायच दिसत होते.

“खिडक्यांना लावायला. आवाज निम्मा होईल,” तो धापा टाकत म्हणाला. “आईनं दिल्यात. म्हणजे माझ्या आईनं. देवीचा यात काही संबंध नाही.”

“तुम्ही फटाके विकता आणि आवाज अडवायला रजयाही देता?”

“धंदा दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे.”

मग तो रोजच येऊ लागला. त्यानं फोनवर माळांचे आवाज टिपून आणले होते. पहिल्या दिवशी ते इतके बारीक लावले, की कढत तेलात लसूण पडल्यासारखे वाटले. तड् झालं, की रताळ्याला उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा. पुन्हा तड्, पुन्हा तुकडा. रोज आवाज एक टिचकी वर. बाहेर पत्र्यावर पाऊस, आत दोघं फरशीवर मांडी घालून समोरासमोर, मधे रताळं आणि कोंबडीची वाटी. पाचव्या दिवशी रताळ्यानं नुसता एक कान हलवला आणि तुकड्यासाठी तोंड उघडलं.

“बघितलंत? बघितलंत!” पेइ-चननं आनंदानं त्याचा हातच धरला. मग सोडला. जरा उशिरा.

“मलाही एक तुकडा द्या,” तो म्हणाला.

“का? तुम्ही काय केलंत?”

“मीही दचकलो नाही.”

“तुम्ही कशाला दचकाल? फटाकेवाल्यांच्या घरचे तुम्ही.”

तो रताळ्याची पाठ खाजवत राहिला. “सांगू? हसणार नसाल तर... लहानपणी पालखीच्या दिवशी मी कपाटात जाऊन बसायचो. दोन्ही कानांत कापूस घालून. बाबांना वाटायचं, मी माझू आईच्या दर्शनाला पुढं पळालोय.”

“आणि आता?”

“आता मोठा झालो. कपाटात मावत नाही.”

ती हसली नाही. वाटीतला सगळ्यात मोठा तुकडा उचलून तिनं त्याच्या पुढ्यात धरला. त्यानं तिच्याकडं पाहिलं... आणि तेवढ्यात रताळ्यानं तो पळवला.

पालखीचा दिवस उजाडला. पेइ-चनच्या दुकानात रताळं धरून अकरा कुत्री आणि पाच मांजरं जमली. सगळ्यांच्या गळ्यात नाव आणि फोन नंबर लिहिलेले बिल्ले. खिडक्यांवर रजया, पंखा मोठा केलेला, रेडिओवर संथ बासरी. मांजरांच्या टोपल्यांवर चादरी टाकून श्यू मावशी आतल्या खोलीत बसल्या होत्या.

“काळजी करू नकोस,” क्वान-रू सकाळी सांगून गेला होता. मग जीभ चावून म्हणाला, “म्हणजे... करू नका. पालखी नेहमी मोठ्या रस्त्यानंच जाते. या गल्लीत कधीच आली नाही.”

दहाच्या सुमाराला लांबून ढोल ऐकू आले. मग माळांचा कडकडाट, समुद्राच्या लाटेसारखा जवळ जवळ येणारा. कुत्री एकमेकांना खेटली. रताळ्यानं कान हलवले आणि पेइ-चनच्या तोंडाकडं बघितलं. तिनं तुकडे वाटायला सुरुवात केली. जमतंय... जमतंय...

आणि बाहेर कुणीतरी किंचाळलं, “वळली! पालखी वळली! आपल्या गल्लीत!”

वाटी फळीवर ठेवून ती दाराकडं धावली. दाराच्या काचेवरची रजई बोटभर सरकवून तिनं बाहेर डोळा लावला. वीस पावलांवर गल्लीचं तोंड. तिथं लाल छताची पालखी पुढं-मागं डुलत होती, मागं माणसांचा महापूर. दारादारांतून लोक धावत बाहेर येत होते. आणि हातगाडी ढकलत सगळ्यांच्या पुढं होते त्साय काका, क्वान-रूचे बाबा. आनंदानं त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

“साठ वर्षांत आई या गल्लीत आली नाही! दहा हजारांची लावतो! दहा हजारांची!”

त्यांनी माळेचं लाल वेटोळं नेमकं तिच्या दुकानासमोर उतरवलं. पेटता धूप हातात घेतला.

दहा हजारांची माळ. चार हातांवर. कुठली रजई त्याला पुरणार? पेइ-चननं कडीला हात घातला. पण दार उघडावं तर मागं अकरा कुत्री. तिला बाहेरही जाता येईना, ओरडताही येईना.

गर्दीतून कुणीतरी सुसाट पळत आलं. क्वान-रू! घामानं निथळलेला, एका पायातली चप्पल गायब. तो आला आणि काही न बोलता त्या लाल वेटोळ्यावर मांडी घालून बसला.

“अरे ए! ऊठ!” त्साय काका ओरडले.

“नाही उठत.”

“गाढवा, आई दारात आलीय! ठिणगी पडली तर बुडाखाली राख होईल!”

“होऊ दे. आत जीव आहेत, बाबा. सोळा.” तो थांबला. “सतरा.”

“सतरावा कोण?”

क्वान-रूनं मांडी आणखी घट्ट केली. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते, पेइ-चनला ते काचेतून स्पष्ट दिसत होतं. कपाटात लपणारा तो मुलगा दहा हजार फटाक्यांवर बसला होता, आणि बापाच्या हातातला धूप त्याच्या गुडघ्यापासून हातभरावर धगधगत होता.

“लोक काय म्हणतील? फटाकेवाल्या त्सायच्या पोरानंच आईची माळ अडवली?”

“म्हणू देत. आईचं स्वागत मी करतो ना! कसं सांगाल तसं करतो. लोळण घेतो, नाचतो. पण ही लागणार नाही.”

पालखी येऊन थांबली होती. सर्वांत पुढं निशाण धरलेल्या एक बाई होत्या, सत्तरीच्या, उन्हानं रापलेल्या. त्यांनी वेटोळ्यावरच्या मुलाकडं पाहिलं, दारावरच्या रजयांकडं पाहिलं, काचेवरचा कागद सावकाश वाचला.

“अहो मालक,” त्या त्साय काकांना म्हणाल्या, “आई काय बहिरी आहे? सात दिवस चालतोय आम्ही, कान किटलेत. जरा शांततेत दर्शन होऊ द्या की तिला तुमच्या गल्लीचं.”

गर्दीत कुणीतरी हसलं. त्साय काका धुपाकडं बघत राहिले, मग पोराकडं. त्यांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि धूप हातगाडीवरच्या पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्र झालं.

निशाणवाल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मागच्यानं त्याच्या मागच्याला खूण केली, त्यानं त्याच्याही मागच्या रांगेला... आणि ती शांतता माणसागणिक मागं मागं पसरत गेली. ढोल थांबले. झांजा थांबल्या. हजारो माणसं त्या अरुंद गल्लीतून चालत होती आणि आवाज फक्त पावलांचा होता, कपड्यांच्या सळसळीचा होता. रताळ्यानं डोकं वर केलं. आतल्या खोलीत एक मांजर नुसतं घुरघुरत होतं.

पालखी पुढं सरकली आणि दुकानासमोर तीनदा खाली झुकली. श्यू मावशी केव्हा बाहेरच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या, ते पेइ-चनला कळलंच नाही. त्यांनी हात जोडले होते. गाल ओले होते, पण चेहरा हसरा होता.

पालखी गेली तसा क्वान-रू उठला आणि दार किलकिलं करून आत सरकला. दार नीट लावून घेतलं. धुळीनं माखलेला, एका पायात चप्पल.

“सगळे ठीक?”

“वेडे आहात का तुम्ही?” पेइ-चननं त्याची बाही ओढली. “त्यांनी लावली असती तर?”

“मला वाटलंच होतं, नाही लावणार. म्हणजे... बहुतेक.”

“बहुतेक?!”

तेवढ्यात पालखी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्यावर बाहेर पडली असावी. तिथं अख्ख्या बाजारानं रोखून धरलेल्या माळा एकदम सुटल्या... काचा थरारल्या! ती खाली बसली, तसं रताळं तिच्या मांडीत घुसलं. तिनं त्याच्या कानांवर हात ठेवले. क्वान-रू गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिच्या हातांवर आपले हात ठेवले. गरम, धुळकट हात. त्याचा चेहरा इतका जवळ होता, की पापण्यांवरची धूळ दिसत होती. तो काहीतरी बोलला.

“काय?” तिला ऐकूच आलं नाही.

तो पुन्हा बोलला. तड् तडाड् तड्.

“काय? मोठ्यानं बोला!”

क्वान-रूनं छातीभर श्वास घेतला आणि जीव तोडून ओरडला, आणि नेमक्या त्याच क्षणी बाहेरच्या माळा संपल्या.

“तू मला आवडतेस!”

गल्लीभर ऐकू गेलं. बाहेर रस्ता झाडणाऱ्यांचे झाडू थांबले. अकरा कुत्र्यांनी एकदम माना वर केल्या. मागून श्यू मावशींचा खुदकन हसण्याचा आवाज आला. आणि दारापलीकडून त्साय काका म्हणाले, “हां! सतरावा कोण ते कळलं एकदाचं!”

क्वान-रूचा चेहरा माळेच्या कागदाइतका लाल झाला. पण त्यानं हात काढले नाहीत.

“हळू बोल,” पेइ-चन म्हणाली. “कुत्री घाबरतात.”

“मग... तू हळू बोल ना. उत्तर तरी दे.”

ती पुढं झुकली. रताळ्याच्या डोक्यावरून, क्वान-रूच्या कानाशी ओठ नेऊन तिनं काहीतरी सांगितलं, इतकं हलकेच, की मांडीतलं रताळंसुद्धा जागचं हललं नाही. दाराला कान लावून उभ्या असलेल्या त्साय काकांना तर एक अक्षर ऐकू आलं नाही.

पण थोड्या वेळानं पोरगं एका चपलेवर उड्या मारत बाहेर आलं, आणि मग त्यांना विचारायची गरजच उरली नाही.