मॉरिशस गेला कुठे?

“अथर्व, धाव! मॉरिशस गायब झालाय!”

“अख्खा देश?” तोंडातलं बिस्कीट सांभाळत अथर्व म्हणाला. “बुडाला की काय?”

“फालतू जोक नकोत! ईशानीचं टेबल बघ!” अक्षया ओरडली.

ईस्टरची सुट्टी होती. सिटीवेस्ट या आयरिश उपनगरातल्या हॉलमध्ये मराठी मंडळाने मुलांचं ‘एक देश, एक टेबल’ प्रदर्शन भरवलं होतं. काल संध्याकाळीच सगळ्यांनी टेबलं सजवली होती. अक्षयाचा जपान जागेवर होता, अथर्वचा ब्राझीलही. ईशानीच्या टेबलावर मात्र नुसता पांढरा कागद! मॉरिशसहून आलेले तिचे दत्तात्रयआजोबा कडक इस्त्रीचा कोट घालून बाहेर बाकावर बसले होते. उद्या ते परत जाणार होते. त्यांना दाखवायला म्हणून तर तिने सुट्टीभर खपून बेटाचं मॉडेल आणि माहितीचा बोर्ड केला होता.

“आजोबांना काय सांगू मी?” ईशानीचे डोळे भरून आले.

अक्षयाचं डोकंच तापलं. “रडू नकोस! बेटावरची ती सात रंगांची माती तू कशाची केली होतीस?”

“रांगोळीची.”

“मग हे बघा!”

टेबलाखाली जांभळी रांगोळी सांडली होती. पुढे थोडी लाल, मग पिवळी. माग काढत तिघं थेट किचनमधल्या प्रेसपाशी पोहोचली. इथे कपाटाला सगळे प्रेसच म्हणत. त्याला कुलूप होतं, आणि किल्ली मंडळाचे सेक्रेटरी शिरीषकाका यांच्याकडे!

“युअर मॅन सरळ मागून किल्ली देणार नाही,” काकांकडे बघत अथर्व इथल्या ढंगात कुजबुजला. “पण सामोशांना प्लेट्स लागतीलच ना?”

काका फोनवर कुणाला तरी पार्किंग समजावत होते. “काका, पेपर प्लेट्स काढायच्यात, किल्ली द्या!” म्हटल्यावर त्यांनी न बघताच ती काढून दिली.

“ग्रँड!” अथर्वने दार उघडलं. आत प्लेट्सच्या गठ्ठ्याखाली मॉरिशस बोर्डासकट कोंबला होता. बेटाची एक बाजू पार चेपली होती.

“अरे, ते कशाला बाहेर काढताय?” मागून काकांचा आवाज आला.

“तुम्ही का लपवलंत?” अक्षया कडाडली.

“लपवलं कुठे? बाजूला ठेवलं! वाच काय लिहिलंय त्या बोर्डवर. डोडो पक्षी फक्त तिथेच होता, ओके. देशाला सैन्य नाही, तेही ओके. पण गणेश चतुर्थीला पब्लिक हॉलिडे? शाळेत मराठी? आपण इथे हाफ डे टाकतो! चीफ गेस्टसमोर हसं झालं असतं आपलं. मुलं काय, काहीही लिहितात.”

“तुम्ही चेक केलंत?”

“टाइम कुणाला आहे?”

“सुट्टी असते,” दारातून कुणीतरी म्हणालं. दत्तात्रयआजोबा! “आमचे पूर्वज उसाच्या मळ्यात राबायला गेले, ते गणपतीला विसरले नाहीत. आणि शाळेत मराठी मी स्वतः शिकवली, निवृत्त होईपर्यंत. काल संध्याकाळभर मी इथे बाहेरच बसलो होतो. मला विचारायचं होतंत.”

काकांचे कान लाल झाले. ते कसंनुसं हसले आणि तडक माइकपाशी गेले. “आपल्या छोट्या डिटेक्टिव्हनी हरवलेला मॉरिशस शोधून काढला! शाब्बास! टाळ्या!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “हुशार गं पोर!” म्हणत एका काकूंनी अक्षयाचा गाल ओढला.

“हरवला नव्हता!” अक्षया जीव खाऊन ओरडली. “काकांनी कोंबून ठेवला होता! ईशानीला सॉरी म्हणा!”



“चला चला, सामोसे गार होतायत,” काका म्हणाले, आणि सगळे सामोशांकडे वळले. ईशानीकडे एकही जण आला नाही!

आजोबांनी चष्मा लावून बोर्ड पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. “छान केलंस हो,” ते नातीला म्हणाले. मग त्यांनी मफलर गुंडाळला. “चल, घरी जाऊ.”

“पण आजोबा, अजून बक्षिसं आहेत.”

“आपण मराठी आहोत हे पटवून द्यायला मी इतक्या लांब आलो नव्हतो, बाळ.”

अक्षयाला रागाने रडूच फुटलं. तिने बेटाची एक बाजू धरली, अथर्वने दुसरी, आणि दोघं त्यांच्यामागून लुआस ट्रामच्या स्टॉपकडे निघाली. मागे माइकवर पहिलं बक्षीस जपानला जाहीर झालं. काका अक्षयाचं नाव पुकारत राहिले. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.