कमरेचा दोर

दुपारच्या चहाला घरी येतो, असं शशिकलेला सांगून अशोक पाळंदे निघाला. मिल बंद पडल्यानंतर मिळालेलं हे पहिलं काम. उज्जैनला सिंहस्थ भरायचा होता, आणि इंदूरची सगळी घाण खान नदीतून क्षिप्रेत जाते हे सरकारला एकदम आठवलं होतं. साधूंनी डुबकी मारायच्या आत नदी चकाचक हवी. मग काय, रंगखात्यात राहून ज्यांनी ती जन्मभर निळी-लाल केली, त्यांनाच ती धुवायला बोलावलं. अशोकला याचं हसू येई. पण घरची चूल पुन्हा पेटत होती, आणि त्यासाठी तो मनापासून सरकारला दुवा देई.

त्या दिवशी त्याच्या वाट्याला मिलच्या मागचा, जमिनीखालून जाणारा नाला आला. वाकूनच शिरावं लागेल असं बुटकं तोंड. आतून कुजका वास येत होता, आणि त्यातच ओळखीचा, रंगाचाही.

"बॅटरी घेऊन जा भिया," मुकादम म्हणाला. "रस्सी अजून आलीच नाही ना."

रंगखात्यात दोर बांधल्याशिवाय कुणी हौदात उतरत नसे. दोराचं दुसरं टोक खात्यातल्या कामगारांचे म्होरके, जॉबर वासुदेवकाका, यांच्या हातात. रंगात भिजून भिजून तो दोर निळाच झाला होता. वरून दोन हिसके, म्हणजे असशील तसा बाहेर ये. खालून एक हिसका, म्हणजे मला वर घ्या. मिलला टाळं लागलं त्याच महिन्यात काकांच्या चपला या नाल्याच्या तोंडाशी सापडल्या. काका काही सापडले नाहीत.

"काका, उतरतोय," अशोक सवयीने बोलून गेला, आणि स्वतःशीच ओशाळला.

आत गुडघाभर गाळ होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. फावड्याचा आवाज पुढे अंधारात जाई आणि बऱ्याच वेळाने परत येई. हळूहळू हात जड झाले, डोळ्यांवर गोड झापड आली. जरा टेकावं, असं त्याला वाटलं...

कमरेला हिसका बसला. लगेच दुसरा.

विचार करायला तो थांबलाच नाही. पाय आपोआप मागे वळले. वाटेत तो दोनदा कोलमडला, पण कमरेच्या दोराने त्याला पडू दिलं नाही.

बाहेर गवतावर पडून त्याने पोटभर श्वास घेतला. मग गाठ सोडायला हात कमरेकडे नेला. तिथे काहीच नव्हतं.

"मुकादमजी... दोर कुणी ओढला?"

"कोणता दोर भिया? मी तर आत्ता चाय घेऊन आलो."

मुकादमाने कंदील पेटवून काठीने आत सरकवला. ज्योत तिथल्या तिथे विझली. त्याचा चेहरा उतरला. "आत हवाच नाही रे... काम बंद. साहेबांना बोलावतो," म्हणत तो धावला.

अशोकने नाल्याच्या तोंडाशी हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते.

"उपकार झाले, काका. शशिकलेचं कुंकू तुम्ही राखलंत..."

तेवढ्यात कमरेला पुन्हा हिसका बसला. हळूच. तो दुसऱ्याची वाट पाहत राहिला. दुसरा आला नाही.

अशोकने टाचा गवतात रोवल्या आणि दोन्ही मुठी रिकाम्या हवेत घट्ट आवळल्या.

"थांबा काका... घेतो वर."

हाताला ओझं लागलं. मुकादम साहेबांना घेऊन आला तेव्हा तो ओढतच होता, आणि त्याचे दोन्ही तळवे ओल्या निळ्या रंगाने माखले होते.