शेवटचा सभासद उठेपर्यंत

दार लोटून घ्या रे. हे माझ्या चुलतभावाच्या बाबतीत घडलंय. नऊ फेब्रुवारी, मंगळवार.

संध्याकाळी सातला तो काकूसाठी दम्याचा पंप आणायला निघाला. घरी मायलेक दोघंच. काकूने आतून कडी लावून घेतली. पंप मिळाला, खिशात घातला, आणि हा आला क्लबात. कुलपाची पाळी त्याची होती. शेवटचा सभासद उठेपर्यंत किल्लीवाल्याने हलायचं नाही, हा आमचा नियम.

काय म्हणालीस? क्लबात काय करायचो? कॅरम खेळायचो, आणि एका माणसाला छळायचो.

क्लबला लागूनच खुर्च्या विणणाऱ्याचं बैठं घर. आमच्या सगळ्या खुर्च्या त्याच्या हातच्या. त्याला एकच हौस, सभासद व्हायची. दरवर्षी अर्ज द्यायचा. आम्ही सोंगट्यांनी मत द्यायचो, पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. तोंडावर म्हणायचो, "यंदा तुझं नक्की हां, दाढीबिढी करून बस!" आणि डब्यात आठही काळ्या. तो बापडा इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर वाट बघायचा. अकरा वर्षं. हसून हसून पोट दुखायचं आमचं.

जानेवारीत तो वारला. त्या मंगळवारी कुणीतरी म्हणालं, "आता घेऊन टाकू की त्याला!" आठ पांढऱ्या पडल्या. एक माझी. भावाने रिकामी खुर्ची पुढे ओढली. "या सभासद, बसा."

साडेआठला आम्ही पांगलो. भाऊ एकटा राहिला.

आठ चाळीस. त्याने दिवा मालवला. मागे आवाज आला... टक्.

दिवा लावला. खुर्चीत कुणी नाही. स्ट्रायकर मात्र घरंगळत त्याच्यापुढे येऊन थांबला.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "आई एकटी आहे."

...

तो दाराकडे वळला. पाय वळले नाहीत. खाली बसला. खेळला. स्ट्रायकर परत आला. पुन्हा खेळला. पुन्हा आला.

टेबलावर फोन वाजला. 'आई'.

हात फोनकडे जाईना. उजवा हलत होता, तोही स्ट्रायकरपुरता. फोन थांबला. परत वाजला. परत थांबला. तिसऱ्यांदा...

मग नाही.

पहाटे पाचला समोरची खुर्ची करकरली. अंगावरचं ओझं उतरावं तसे त्याचे पाय सुटले.

तो पळत घरी गेला. कडी तशीच आतून. त्याने मला उठवून नेलं, आम्ही दोघांनी दार तोडलं. काकू गार पडली होती. फोन मुठीत. खिडक्या बंद. दुसरं दार नाही त्या घराला.

डोळे कुणीतरी मिटवले होते. आणि मेलेल्या माणसाचा जबडा उघडा राहू नये म्हणून बांधतात ना, तशी तिची हनुवटी फडक्याने बांधलेली होती. गाठ डोक्यावर. आमच्या खुर्च्यांच्या विणीला असायची तशीच, घट्ट.