खिळ्यावरचा बॅज

बाबा, आनंदराव, नागपुरातल्या एका दवाखान्यात थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन मोजून द्यायचे. काम करताना छातीवर फिल्म बॅज. महिनाअखेर सगळ्यांचे बॅज मुंबईला जात आणि कुणाच्या अंगावर किती किरण पडले ते पत्रानं कळे.

१९७८च्या एप्रिलअखेर ते घरी आले, पाणी प्यायले आणि खुर्चीतच गेले. चारच दिवसांत कानावर आलं, त्या दुपारी खोलीत आयोडीन सांडलं होतं. आनंदरावांच्याच हातून, असं लोक म्हणत. त्यांचा शेवटचा शर्ट मी हातानं धुतला होता. मला चौथा महिना होता.

त्या शर्टवर बॅज तसाच राहिला होता; धुण्याआधी मी तो काढून ठेवला. तो मी मार्तंडकाकांना, बाबांच्या सहकाऱ्याला, दवाखान्यात नेऊन दिला. तिथं बॅज टांगायच्या बाबांच्या खिळ्यावर मे महिन्याचा नवा बॅज लटकत होता. नाव कमी करायचं कुणी कळवलंच नव्हतं.

"काढून टाका ना, काका."

"काढतो वं. पण तो सकाळी जागेवर नसते. संध्याकाळी पाहावं तं हाये."

"कोण नेतं?"

"मले काय माहीत? माहाच बॅज मले पुरते."

आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, हे बाबांनीच शिकवलेलं. मी कॅलेंडरवर आठ-आठ दिवस मोजत राहिले. पोटावर हात ठेवायचा धीर होत नसे.

जुलैत काका पत्र घेऊन घरी आले.

"पोरी, एप्रिल साफ हाये. नेहमीएवढाच आकडा. सांडलं ते दुसऱ्याच्या हातून."

आई रडली. त्या दुपारी मी कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवले.

काका मात्र उठेनात.

"मेचा बॅजही चुकून सगळ्यांसंगं गेला. त्याचाही आकडा नेहमीएवढाच."

"खिळ्यावर राहून?"

"बाजूच्या खिळ्यावर एक मोकळा बॅज असते, तुलनेसाठी. तो कोरा आला."

आईनं पदरानं डोळे पुसले. "मंग ठीक हाये. कामावर हायेत म्हणजे."

तिच्या चेहऱ्यावर एप्रिलनंतर प्रथमच निवांतपणा होता. मलाही हलकं वाटलं.

मी पत्र वाचायला घेतलं. मे महिन्याच्या आकड्याखाली मुंबईच्या कुणा कर्मचाऱ्यानं टाइप केलं होतं:

'बॅज खिशात पेनामागे ठेवू नये. फिल्मवर क्लिपची सावली आली आहे.'

बाबांचं पेन त्यांच्या खिशाला लावूनच आम्ही त्यांना अग्नी दिला होता.