डाव्या बाजूचं दूध

केसांवर पाणी ओतायला बुरुलने डावा हात वर केला, आणि तिच्या काखेतली गाठ धाकट्या जावेच्या नजरेस पडली. शनिवारचा दिवस, गावचं न्हाणीघर बायकांनी भरलेलं, वाफेत एकमेकींचे चेहरेही धड दिसत नव्हते. पण नको ते नेमकं दिसतं!

"हे काय आहे, जाऊबाई?" चिनाराने विचारलं. "आणि हे असं अंगावर घेऊन तुम्ही माझ्या मुलाला पाजताय?"

सगळ्या बायका वळून पाहू लागल्या. बुरुलने हात खाली घेतला, पंचा अंगाभोवती घट्ट ओढला... धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. अर्धे केस तसेच साबणाचे ठेवून ती घरी आली.

चिनाराचा एर्मेक जन्मला तेव्हा बाळंतपणात तिच्या रक्तात विष भिनलं होतं. दोन महिने ती जिल्ह्याच्या इस्पितळात मरणाच्या दारात पडून होती आणि तिचं दूध पार आटलं. बुरुलची आयपेरी तेव्हा तीन महिन्यांची. कुणी सांगितलं नाही, कुणी विनवलं नाही. बुरुलने पुतण्याला उचललं आणि छातीशी धरलं. आमच्याकडे पाजणारी ती आईच. सात महिने तिने दोन जीव वाढवले. मग ऐन थंडीत तिचा डावा स्तन दगडासारखा सुजला, ताप चढला, पू झाला. नवऱ्याने आणून दिलेल्या औषधांनी सगळं उतरलं, काखेत आलेलं अवधाण तेवढं राहिलं. जर्दाळूच्या बीएवढी ती गाठ ती रोज चाचपून पाही आणि भीतीने गारठून जाई. पण गावातला डॉक्टर तिच्या नवऱ्याचा शाळासोबती. त्याच्यापुढे सदरा कसा काढायचा?

त्या संध्याकाळी चिनाराने एर्मेकचा पाळणा आपल्या खोलीत नेला. सासू उमसुन चहा पीत बसली होती. तिने एका शब्दाने मोठ्या सुनेची बाजू घेतली असती तर...! "मोठ्या डॉक्टरला दाखवेपर्यंत पोरांना लांबच ठेव," एवढंच ती म्हणाली. पोरांना, म्हणजे आयपेरीलाही.

जिल्ह्याच्या वाटेवरची खिंड बर्फाने बंद होती. तीन आठवडे बुरुलने छातीवर शाल आवळून बांधली. भिंतीपलीकडे एर्मेक बाटली थुंकून टाकी, रडून रडून त्याचा आवाज बसे, आणि इकडे तिचा सदरा ओला होई. त्या ओल्या सदऱ्याचीही तिला लाज वाटू लागली. एक गोष्ट सांगून ती जावेचं तोंड बंद करू शकली असती, पण ती उच्चारायची तर तिला सगळ्यात जास्त लाज होती. तिसऱ्या आठवड्यात सदरा भिजायचा थांबला.

खिंड उघडली तशा दोघी जावा एकाच गाडीने जिल्ह्याला गेल्या. चिनारा स्वतःच्या कानांनी ऐकायला तपासणीच्या खोलीतही आली. पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळी हकीकत विचारून घेतली, गाठ चाचपली, त्यावर यंत्र फिरवून पाहिलं, आणि शांतपणे सांगितलं, की यात भिण्यासारखं काही नाही. सूज उतरली तरी अशी गाठ विरायला आठवडेच्या आठवडे घेते. महिन्याने पुन्हा दाखव, वाढली तर लगेच ये. मग त्यांनी सहज विचारलं, "दोन मुलं पाजत होतीस ना? दुखऱ्या बाजूला कोण असायचं?"

बुरुलची मान खाली गेली.

"माझी मुलगी," ती कशीबशी म्हणाली. "उजवीकडे दूध जास्त, म्हणून ती बाजू पहिल्यापासून त्याला दिली. पुढे डावीकडे पू झाला, तरी लेकीला तिथंच लावलं... तो जावेचा ठेवा होता, बाई. त्याला काही झालं असतं तर मी तोंड कुठं दाखवलं असतं? आई असून मी आपल्याच पोरीला..."

"अगं, त्या दुधाने तिलाही काही होत नव्हतं. पाजत राहायचंस. आता पाजतेस ना?"

"आटलं."

चिनारा भिंतीकडे तोंड करून उभी होती.

घरी आल्यावर तिने सासूला सगळं सांगितलं, स्वतःची गय न करता. बुरुल सवयीने किटलीकडे वळली, तसा उमसुनने तिचा हात बाजूला सारला. म्हातारीने स्वतः चहा ओतला आणि पियाला दोन्ही हातांनी सुनेपुढे धरला. सासूने सुनेला चहा द्यावा, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं.

"आई, असं नका करू. मला लाज वाटते."

"तू बरीच वागवलीस ती," उमसुन म्हणाली. "आता माझी मला दे. घे, चहा घे."

चिनाराने एर्मेकला आणून बुरुलच्या मांडीवर ठेवलं आणि ती तिथंच खाली बसली. "मी दोन लेकरांचं दूध तोडलं, जाऊबाई," ती हुंदके देत म्हणाली. "माझं तोंडसुद्धा पाहू नका."

तेवढ्यात एर्मेकने उजवीकडे तोंड खुपसलं. बुरुलने सदऱ्याची गुंडी काढली. त्याने ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं, मान वर करून तिच्याकडे बघितलं...

"नाही रे राजा. संपलं."

तो थोडं कुरकुरला, पण त्याने तोंड काढलं नाही. तसाच कोरड्या छातीला बिलगून तो झोपी गेला, आणि त्याला तिथून उचलायला कुणीच पुढे झालं नाही.