शून्यरेषेवरचा हात

पुण्याच्या वस्त्रतपासणी प्रयोगशाळेत, वाचकयंत्राखाली सोलापूरहून आलेला गणवेशाचा निळा शर्ट होता आणि पडद्यावरची रेघ पुन्हा वेडीवाकडी नाचत होती. मुख्य तपासनीस मृदुला केंकरेंनी कपाळाला हात लावला. एकाच कारखान्याचा हा सातवा शर्ट नापास!

तिथं बायकांचा छळ चालतो म्हणावं, तर परवा त्या स्वतः जाऊन आल्या होत्या. पाठीला टेकण असलेल्या खुर्च्या, पंखे, गार पाणी, सहा तासांचं काम. बाया गोल करून बटणं लावत होत्या आणि एकमेकींच्या सासवांची यथेच्छ धुलाई चालली होती. एकीचा हात भरून आला, की शेजारीण तिच्या हातातला शर्ट अर्ध्या बटणावर ओढून घ्यायची. मृदुलाबाई दाराशीच उभ्या राहून कितीतरी वेळ बघत होत्या.

"यात कोडं कसलं?" संचालक इनामदार म्हणाले. "आपलं श्रमसूत्र, म्हणजे हा स्मरणधागा, शिवणाऱ्या हाताची बारीक थरथर साठवून ठेवतो. भुकेला, घाबरलेला, दमलेला हात वेगळा थरथरतो. शून्यरेषा म्हणजे पोटभर जेवलेल्या, झोप झालेल्या, कुणाची सक्ती नसलेल्या हाताची रेघ. तिच्यापासून लांब गेलं की 'छळाविना शिवलेला' हा आपला शिक्का नाही."

"पण लांब का गेलं, हे यंत्राला कळतं?"

"अंतर कळतं, कारण नाही. अहो, उपाय सोपा आहे. बाकीच्या तीनशे कारखान्यांनी आडोसे घालून बायकांना एकेकटं बसवलंय. सोलापूरनंही तीन दिवस करून पाहिलं, तर रेघ सुतासारखी सरळ! आता तसा नियमच करतोय. आजच सही करा."

सही केली तर आडोसे कायमचे. नाही केली तर सोलापूरचा शिक्का जाणार आणि साठ बाया घरी बसणार. मृदुलाबाईंनी नरसम्मा चिप्पाला फोन लावला. बटणांच्या त्या गोलातली ती सगळ्यांत थोरली.

"ते तीन दिवस विचारूच नका, मॅडम," नरसम्मा म्हणाली. "कुणी ओरडलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण डबा उघडावा वाटंना बगा. घरी बी एकटी, हितं बी एकटी. मग बाईनं जगायचं कुठं वो?"

मृदुलाबाईंच्या जिव्हारी लागलं ते. टेबलाच्या कडेला त्यांचाही डबा तसाच होता. रोजच तसा परत जायचा.

"इनामदार, ही शून्यरेषा घेतली कुणाच्या हातावरून?"

"घ्या! तुमच्याच की. विसरलात? सात वर्षांपूर्वी प्रयोगशाळा नवी होती, सक्ती नसलेला हात आणायचा कुठून? तुम्हीच म्हणालात, मी रिकामीच आहे, मी लावते. एका रविवारी चाळीस बटणं लावलीत."

तो रविवार त्यांना लख्ख आठवला. नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. पोटात अन्न होतं, गोळी घेऊन झोपही झाली होती. सक्ती नव्हती, कारण सक्ती करायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. सकाळपासून एक शब्द कुणाशी बोलणं झालं नव्हतं. हात अगदी एकसारखा चालला होता.

आणि त्या हाताशी जुळावं म्हणून तीनशे कारखान्यांत बाया आडोशाआड गप्प बसल्या होत्या! मृदुलाबाईंना रडूच फुटलं. इनामदार गांगरून पाणी आणायला उठले.

ते परतले तेव्हा सहीच्या जागी बाईंनी लिहिलं होतं: शून्यरेषा रद्द. नवी घेईपर्यंत कुणाचाही शिक्का काढू नये.

"अहो, पण कारण काय लिहू?"

"तो हात दमलेला नव्हता, पण एकटा होता. तेच लिहा."

मग त्यांनी पुन्हा फोन लावला. "नरसम्मा, उद्या तुमच्या हातांची रेघ घ्यायला येते. आणि मलाही बटणं लावायला बसायचंय गं. जागा होईल?"

"सरकून बसू की, त्यात काय!" नरसम्मा म्हणाली. "डबा तेवढा घेऊन या."